फवारा पास, धूर कायम

आमच्या इमारतीच्या जनरेटरवरच्या मामांना पंधरा तारखेच्या सभेत कामावरून काढायचं, हे समितीने तीन तारखेच्या सभेतच ठरवून टाकलं होतं. मधले बारा दिवस थांबायचं कारण एवढंच, की आमचे अध्यक्ष आयुष्यभर हेडमास्तर होते आणि नापास करण्याआधी परीक्षा घेतल्यासारखं दाखवायची त्यांना सवय आहे.

आरोप सरळ होता. जनरेटर चार महिन्यांपासून काळा धूर ओकत होता. धूर काळा म्हणजे डिझेल भेसळीचं. डिझेल आणतात मामा, ओततात मामा, म्हणून भेसळ करतात मामा. पुरावा म्हणून हेडमास्तरांनी आपला पांढरा शर्ट आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपला पांढरा कोट सभेत सर्वांच्या हातातून फिरवला. दोन्हींवर काजळीचे ठिपके होते. मामा दाराशी उभे होते. अठरा वर्षं ते हा जनरेटर सांभाळताहेत आणि या वयात दुसरीकडे कोणी त्यांना उभं करणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मी भेसळ करत नाही," एवढंच ते बोलले, तेही जमिनीकडे बघत.

"वर बघून बोला," हेडमास्तर म्हणाले.

तेव्हा मी उभा राहिलो. मी उभं राहायला नको होतं असं माझ्या बायकोचं मत आहे. तिचं ते मत सगळ्याच सभांबद्दल असतं.

"धूर भेसळीनेच होतो असं नाही," मी म्हणालो. "इंजेक्टरचा फवारा बिघडला तरी होतो."

सभा गप्प झाली. गप्प झालेली सभा मला निवृत्तीनंतर प्रथमच भेटत होती, त्यामुळे मी जरा जास्तच बोललो. ते सगळं इथे लिहीत नाही, पण सार असं: डिझेल इंजिनात तेल ओतत नाहीत, फवारतात. इंजेक्टर म्हणजे वीतभर लांबीचं एक नळकांडं. त्याच्या टोकाला केसाहून जरा जाड अशी भोकं. त्यांतून तेल इतक्या जोरात बाहेर पडतं की त्याचं धुकं होतं. धुकं नीट झालं तर ते जळतं, नाहीतर धूर. आता हे सगळं घडतं इंजिनाच्या पोटात, आणि चालत्या इंजिनाच्या पोटात डोकावता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही जाड पोलादाचं एक भांडं केलं होतं. दोन बाजूंना मनगटाएवढ्या जाडीच्या काचा. आत वायू दाबून दाबून इंजिनातल्या हवेइतका दाट करायचा, त्यात फवारा सोडायचा आणि काचेतून सेकंदाला हजारो फोटो काढायचे. इंजिनाच्या आतली परिस्थिती इंजिनाच्या बाहेर जशीच्या तशी उभी करणं, हे माझं काम. एकतीस वर्षं केलं.

"लेखी आणा," हेडमास्तर म्हणाले. "पंधरा तारखेच्या आत. फवारा खराब निघाला तर मामा राहतील. नाहीतर..." त्यांनी शर्टाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी जनरेटरच्या तीन इंजेक्टरांपैकी एक काढला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या दाराशी आणून दिला.

"साहेब, एकदा खाली येऊन यंत्र बघता का?"

"खाली येऊन काय दिसणार, मामा? जे घडतं ते आत घडतं."

"तरी पण. बाहेरून जरा..."

"बाहेरून बघून सांगणारे ज्योतिषी. आपण शास्त्राने जाऊ."

मामांनी मान डोलावली आणि जिना उतरून गेले. माणूस अडाणी नाही, फक्त शास्त्रीय दृष्टी कमी, असं मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "ते फडकं टेबलावर ठेवू नका."

आधी मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने इंजेक्टर हातपंपाला जोडला, दांडा दोनदा दाबला, फुस्स करून धुकं उडालं. "ओके आहे," तो म्हणाला.

"पण हे मोकळ्या हवेत झालं."

"मग?"

"इंजिनात हवा दाट असते. रिकाम्या रस्त्यावर धावणारा माणूस आणि सिनेमा सुटल्यावर दारातून उलटा आत शिरणारा माणूस, दोघांची चाल एकच असते का?"

त्याने हात पुसले. "काका, तुम्हाला इंजेक्टर तपासायचाय की सिनेमा बघायचाय?"

मी एक केविलवाणं हसू हसून, म्हणजे मी ते तुच्छतेचं हसू म्हणूनच सोडलं होतं, तिथून निघालो.

इंजेक्टर माझ्याकडे असल्यामुळे जनरेटर बंद, आणि त्या आठवड्यात वीज रोज दुपारी जायची. म्हणजे लिफ्ट बंद. परिणामी फवाऱ्याबद्दल सर्वांना एकाएकी आस्था वाटू लागली. जिन्यात माणूस दम खायला थांबला की सल्ला द्यायचा. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "त्या भोकांत सुई घाला. आमच्या शेगडीला मी तेच करते."

"वहिनी, भोक जेमतेम केसाएवढं आहे."

"मग केस घाला."

दातांच्या डॉक्टरांचं नुकसान सर्वांत मोठं. दुखरी दाढ धरून दोन जिने चढलेला रुग्ण वर पोचेपर्यंत डॉक्टरांवर खवळलेला असे. "हवा दाबायचीच आहे ना?" ते मला म्हणाले. "माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे. आत्ता उरकू." त्या कॉम्प्रेसरचा दाब आपल्याला अजिबात पुरणार नाही, हे मी त्यांना आकड्यांनिशी समजावलं. ते म्हणाले, "सुरुवात तर होईल." माणूस निवृत्त झाला की त्याला सुरुवातीचा मोह आवरत नाही.

वीज असताना, सकाळच्या वेळी, त्यांच्या दवाखान्याच्या आतल्या खोलीत आम्ही पिण्याच्या पाण्याची एक मोठी प्लास्टिकची बरणी उपडी बांधली. गॅरेजवाल्याचा हातपंप आणला. टोपणात इंजेक्टर, बुडाला कॉम्प्रेसरची नळी. मी डॉक्टरांना म्हटलं, हवा हळूहळू सोडा. डॉक्टरांच्या यंत्राला हळूहळू ठाऊक नव्हतं. टोपण सुटलं ते छताला लागलं, तिथून दिव्याला आणि तिथून भिंतीवरच्या डॉक्टरांच्या पदवीला. फवारा मात्र अप्रतिम झाला. तेलाचं ते तलम धुकं उघड्या दारातून बाहेरच्या खोलीत गेलं, जिथे एक गृहस्थ खुर्चीत तोंड उघडून पडले होते. तोंड उघडं ठेवायला त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं आणि ते आज्ञाधारक होते.

बरीच चूळ भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे कोणतं औषध?"

"नवीन आलंय," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून मात्र ते मामांना काढावं याच मताचे झाले. मलाही काढता आलं असतं तर त्यांनी काढलं असतं.

आता एकच मार्ग उरला. प्रयोगशाळेतलं भांडं.

एकतीस वर्षं मला सलाम करणाऱ्या फाटकावरच्या रखवालदाराने माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. "साहेब, ओळखतो हो मी तुम्हाला. पण तुम्हीच आहात याचा कागद लागतो." कागद दाखवून आत गेलो. विभागप्रमुखाच्या खुर्चीत माझ्या हाताखाली शिकलेला, आम्ही ज्याला 'बाळ' म्हणायचो, तो बसला होता. त्याला अरे म्हणावं तर त्याचा शिपाई बघतोय, अहो म्हणावं तर माझी जीभ वळेना. पहिली पाच मिनिटं मी नुसतं "छान, छान" म्हणत काढली. मग मामांची गोष्ट सांगितली.

"काका, भांडं आहे," तो म्हणाला. "मागच्या शेडमध्ये. पण तसं ते नाही."

"म्हणजे?"

त्याने भांडारपालांना बोलावलं. भांडारपाल नोंदवही घेऊनच आले. "ते दोन वर्षांपूर्वी भंगारात काढलं. भंगारवाला न्यायला आला होता, पण त्याच्या माणसांना उचलेना. तो गेला निघून. वहीत मात्र भांडं गेलं."

"अहो, पण ते समोर दिसतंय," मी खिडकीतून बोट दाखवलं.

"दिसतं. पण नाही."

"मग मी घेऊन जातो. टेम्पो आणतो."

"न्यायला फाटकाचा पास लागतो. नसलेल्या वस्तूचा पास मी कसा फाडू? आणि नसलेल्या वस्तूत चाचणी झाली, असा दाखला साहेब कसा देतील?"

मी स्वतः एकतीस वर्षं तिथे नोकरी केलेली असल्यामुळे मला त्यांचं म्हणणं पूर्णपणे पटलं. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. 'पाहणीत जास्तीचं आढळलेलं साहित्य' अशी एक वही असते. तिच्यात भांड्याची नोंद केली, म्हणजे पाच दिवसांपुरतं भांडं पुन्हा जन्माला आलं. राहिला इंजेक्टर. खासगी माणसाची वस्तू तपासता येत नाही, संस्थेचं पत्र हवं. हेडमास्तरांनी पत्र लगेच दिलं, पण त्यांचा हात जुन्या वळणावर गेला: 'सदर इंजेक्टर आमच्या संस्थेचा असून, आमच्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे.'

पहिल्या दिवशी भांड्याचं झाकण गळत होतं. दुसऱ्या दिवशी नायट्रोजनचा सिलिंडर आला, तो रिकामा. नायट्रोजन अशासाठी, की साधी हवा भरली आणि तेल पेटलं तर बघायला आपण उरत नाही. मागणीपत्रात 'सिलिंडर, नग एक' एवढंच लिहिलं होतं आणि नग एक आला होता. तिसऱ्या दिवशी फवारा सुटला, कॅमेऱ्याने हजारो फोटो काढले आणि सगळे काळेकुट्ट निघाले. भिंगावरची टोपी काढायची राहिली होती. ती कोणी काढायची होती ते मी सांगणार नाही, पण त्या खोलीत निवृत्त माणूस मी एकटाच होतो.

चौथ्या दिवशी, म्हणजे बारा तारखेला, सगळं जमलं. दाब बरोबर, दाटी बरोबर, टोपी टेबलावर. बाळने बटण दाबलं. पडद्यावर पाच धारा हळूहळू उमलत गेल्या. पाचही सारख्या लांबीच्या, सारख्या रुंदीच्या, कडेला धुक्याची झालर. एकही धार वाकडी नाही, एकही थेंब जाडा नाही. एकतीस वर्षांत असा फवारा मी फार तर चार वेळा पाहिला असेन. माझे डोळे भरून आले. मी बाळच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "अरे, काय फवारा आहे!"

बाळने भिंगावर टोपी परत बसवली. मग हळूच म्हणाला, "काका, इंजेक्टर उत्तम आहे."

"उत्तम? सर्वोत्तम!"

"मग त्या मामांचं काय?"

हात दाखवून अवलक्षण करणारे पुष्कळ असतात. मी हात दाखवला, त्याचे सेकंदाला हजारो फोटो काढले आणि खाली सही-शिक्का घेतला. दुसऱ्या दिवशी तीन पानी दाखला हातात पडला: इंजेक्टर निर्दोष. फवारा निर्दोष. म्हणजे दोषी राहिले मामा, आणि तेही आता लेखी.

"म्हणजे जो पुरावा समितीकडे नव्हता," बायको दाखला वाचून म्हणाली, "तो तुम्ही रांगेत उभं राहून त्यांना आणून दिलात."

"मला वाटलं होतं..."

"अहो, पण तुम्ही ते यंत्र बघितलंत का?"

"कोणतं? भांडं ना?"

"भांडं नाही. आपलं. खाली आहे ते."

खरं सांगायचं तर नव्हतं बघितलं. हे लिहायला मला जड जातंय. इंजिनाची परिस्थिती इंजिनाबाहेर उभी करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यासाठी लागणारे आकडे दुसरा विभाग टाइप करून पाठवायचा. प्रत्यक्ष इंजिनाजवळ जायची मला कधी गरजच पडली नव्हती, आणि गरज नाही याचा थोडा अभिमानही होता. या प्रसंगाला चपखल बसणारी कळशाची आणि वळशाची म्हण प्रत्येक मराठी वाचकाला पाठ आहे. बायकोने ती त्या संध्याकाळी सात वेळा म्हटली, त्यामुळे मी पुन्हा म्हणत नाही.

मी चपला घातल्या आणि तळघरात उतरलो.

जनरेटरची खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी. मधोमध यंत्र, लखलखीत पुसलेलं. भिंतीला खिळ्यावर मामांचा शर्ट, कोपऱ्यात स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या. खोलीला हवा यायला एकच मोठी जाळी, यंत्राच्या तोंडासमोर. यंत्र श्वास घेतं तो तिथून. ती जाळी मला दिसली नाही. तिला खालपासून वरपर्यंत पुठ्ठ्याचे खोके लावलेले होते. दोन रांगा, एकीत सहा, एकीत पाच. आणि प्रत्येक खोक्यावर जाड शाईने, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'फवारा. नोंदी. कृपया हलवू नये.'

चार महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो. प्रयोगशाळेने मला एक घड्याळ दिलं आणि मी स्वतःहून अकरा खोके नोंदवह्या आणल्या, कारण मी गेल्यावर तिथे त्या रद्दीत गेल्या असत्या. बायको म्हणाली, घरात एकतर हे खोके राहतील नाहीतर मी. मी थोडा विचार केला. तो थोडा विचार तिने अजून मला माफ केलेला नाही. तेव्हा मामा पुढे झाले आणि म्हणाले होते, "द्या साहेब, खाली ठेवतो." खाली म्हणजे कुठे, हे मी विचारलं नव्हतं. खाली म्हणजे वर नव्हे, एवढं आमच्या घराला पुरेसं होतं.

मागे पावलं वाजली. मामा जिना उतरून आले होते.

"मामा, हे इथे कसे?"

"ही एकच भिंत कोरडी आहे, साहेब. बाकी तिन्हींना ओल. कागद आहे, म्हटलं भिजायला नको."

"आणि धूर यामुळे होतोय, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"यंत्र गुदमरतंय, एवढं कळत होतं. आवाजावरून कळतं."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

मामांनी खोक्यावरची धूळ फडक्याने पुसली. "बोललो असतो तर हेडमास्तरांनी त्याच दिवशी रद्दीवाल्याला बोलावलं असतं. तुम्ही टेम्पोतून एकेक खोका छातीशी धरून उतरवत होतात, साहेब. मला हातसुद्धा लावू दिला नव्हता पहिल्यांदा. म्हटलं, धूर काय, वर जातो निघून. आणि नोकरीचं एवढं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं. वाटलं तेव्हा तुम्हाला खाली बोलवायला आलो होतो."

मी स्टुलावर बसलो. तांब्यातलं पाणी प्यायलो, न विचारता.

पहिला विचार मनात आला तो सांगून टाकतो. खोके गुपचूप हलवावेत. धूर थांबेल, सगळे विसरतील, माझी अब्रू माझ्याजवळ. पण हा विचार दोन पायऱ्यांपुढे जाईना. दाखला म्हणतो इंजेक्टर निर्दोष. आता धूर एकाएकी थांबला, तर हेडमास्तर काय म्हणतील? भेसळ पकडली गेली म्हणून मामांनी घाबरून बंद केली. धूर राहिला तरी मामा दोषी, गेला तरी मामा दोषी. अशी चोख कोंडी मी प्रयोगशाळेतही कधी केली नव्हती.

चौदा तारखेला मी बाळला फोन केला. इंजेक्टर अजून त्याच्याकडेच होता. "भांड्यातली दाटी निम्मी कर," मी म्हणालो. "आणि फवारा सोड."

"निम्मी? अशी परिस्थिती कोणत्या इंजिनात असते, काका?"

"माझ्या खोक्यांमागच्या."

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. "काका, धारा सरळ जाऊन समोरच्या काचेवर आपटताहेत. हवा पातळ, अडवायला कोणी नाही. काचेवरून तेलाचे ओघळ."

"इंजिनात तेच तेल भिंतीवर आपटत असणार. जळायला हवाही अपुरी. तोच आपला धूर! बाळ, हे लिहून दे."

"लिहून कसं देऊ? भांड्याची पाच दिवसांची मुदत सकाळी संपली. ते परत भंगारात गेलं. मी आत्ता जे पाहिलं ते नसलेल्या भांड्यात पाहिलंय."

पंधरा तारखेला सकाळी मी इंजेक्टर आणून मामांना दिला, त्यांनी तो बसवला. "खोके असेच राहू द्या," मी म्हणालो. संध्याकाळी सभा भरली. हेडमास्तरांनी दाखला मोठ्याने वाचला, शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि मामांकडे बघून म्हणाले, "आता बोला."

"मी बोलतो," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. खोके, जाळी, माझं अक्षर, सगळं. चार महिने इमारतीवर धूर सोडणारा माणूस मी आहे, असं शेवटी स्पष्ट म्हटलं.

सभेत दयेची कुजबुज झाली.

"मामांबद्दल तुम्हाला वाटणारी कळकळ आम्हाला समजते," हेडमास्तर म्हणाले, "पण दुसऱ्याचा अपराध अंगावर घेणं हे वर्गात ठीक."

"अहो, मी अंगावर घेत नाहीये. तो अंगावरच आहे!"

"एकतीस वर्षं इंजिनावर काम केलेला माणूस," डॉक्टर म्हणाले, "इंजिनाचं नाक आपल्याच खोक्यांनी बंद करेल, यावर कोण विश्वास ठेवील?"

माझ्या विद्वत्तेबद्दल इतका आदर मला त्या इमारतीत कधीच मिळाला नव्हता, आणि तो नेमका त्या दिवशी मिळत होता. मी आवाज चढवून म्हणालो, मी मूर्ख आहे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "असं म्हणू नका हो भावोजी."

मामा दाराशी उभे होते. हेडमास्तरांनी ठरावाचा कागद पुढे ओढला.

तेव्हा बायको उठली. ती सभेत कधी बोलत नाही.

"मी पस्तीस वर्षं यांच्या घरात आहे," ती म्हणाली. "हे असं करू शकतात."

बस. एवढंच. सभेला एकदम पटलं. एकतीस वर्षांचा अनुभव, तीन पानी दाखला आणि माझा जाहीर कबुलीजबाब यांनी जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं. हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "प्रात्यक्षिक घेऊ."

सगळी सभा खाली उतरली. हेडमास्तर बाहेर धुराच्या नळीपाशी उभे राहिले आणि त्यांनी तोंडापुढे आपला पांढरा रुमाल धरला. मामांनी यंत्र चालू केलं, इमारतीचा सगळा भार त्यावर टाकला. भक्कन काळा लोट निघाला. रुमाल काळा, हेडमास्तरांची भुवई काळी. मग मामांनी मला खूण केली. मी पहिला खोका उचलला, डॉक्टरांच्या हातात दिला, डॉक्टरांनी वहिनींच्या, आणि असे हातोहात खोके जिन्यावर चढत गेले. चौथ्या खोक्याला यंत्राचा आवाज बदलला. ते मलासुद्धा ऐकू आलं. सातव्याला लोटाचा नुसता धूर झाला. अकरावा निघाला तेव्हा जाळीतून संध्याकाळचा उजेड आत आला, आणि बाहेरून हेडमास्तरांची हाक आली, "काही दिसत नाही!"

"काय दिसत नाही?"

"धूर!"

त्यांनी दुसरा रुमाल वर्गात उत्तरपत्रिका दाखवतात तसा सर्वांना दाखवला. त्यावर फिकट राखाडी डाग होता, बस. मामा यंत्राच्या अंगावर हात ठेवून उभे होते. हेडमास्तर त्यांच्याजवळ गेले, घसा साफ केला आणि जिन्यातल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामा, आमची चूक झाली." हे वाक्य त्यांनी नोकरीत कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा उच्चार थोडा अडखळला.

"वर बघून बोला," असं मामा म्हणाले नाहीत. ते फक्त म्हणाले, "चहा घेणार का सगळे?"

त्याच संध्याकाळी दोन ठराव झाले. पहिला, मामांवरचे सर्व आरोप मागे. दुसरा, यापुढे जनरेटरच्या खोलीत मामांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही काहीही ठेवणार नाही. दुसऱ्या ठरावाला अनुमोदन मी दिलं, माझे अकरा खोके त्या वेळी जिन्यात असताना. बायको घराच्या दारात आडवी उभी होती.

म्हणून मी रीतसर अर्ज केला. मामांनी तो वाचला, डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला आणि परत दिला. "यात खोक्यांत काय आहे ते लिहिलेलं नाही, साहेब."

मी अर्जावर लिहिलं: 'इंजिनातली परिस्थिती, एकतीस वर्षांची.'

मामांनी ते पुन्हा वाचलं. यंत्राला एक फेरी मारली. खोलीच्या मागच्या बाजूला विटा मांडल्या, विटांवर फळी टाकली, म्हणजे ओल लागणार नाही. मग अर्जाच्या खाली सावकाश अक्षरात लिहिलं: 'मंजूर. जाळीपासून तीन फूट.' आणि खाली सही केली.

तीन फूट त्यांनी टेपने मोजले. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.